श्वास सापडत नाही

खंडेनवमीला मी घरातल्या तिन्ही राउटरना हळदकुंकू वाहिलं. दरवर्षी शिलाई मशीन, विळी, ह्यांची जुनी हत्यारांची पेटी यांची पूजा होते. यंदा त्यांच्या शेजारी पाटावर ते तीन पांढरे डबेही मांडले. ज्यांच्या जिवावर घर चालतं त्यांना वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढंच मला ठाऊक. आणि यंदा आमचं घर खरोखर त्या तीन डब्यांच्या जिवावर चाललं होतं.

"अगं, भोकांत कुंकू जाईल त्यांच्या," हे कॉटवरून म्हणाले. "मग तुझा नारायण येणार आहे का दुरुस्तीला?"

"चिमूटभर तर वाहतेय."

"वाहा, वाहा. पण नंतर वायरी मी जोडणार. पूजा तुझी, वायरी माझ्या."

हे साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. उसाच्या रसापासून घरच्या पाण्यापर्यंत सगळं मोजून बघायची सवय. देवाचं मोजमाप होत नाही म्हणून त्याच्याशी कधी जमलं नाही. लग्नानंतर पहिल्याच संकष्टीला मी चंद्राची वाट बघत बसले होते, तेव्हा म्हणाले होते, "आमच्या देवस्थळी आडनावात देव आहे ना, तेवढा पुरे मला." पण माझ्या एकाही नेमाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. उपासाच्या दिवशी स्वतः भगर आणून ठेवायचे, आणि वर "तुझ्या देवाचा किराणा आणलाय" म्हणायचे.

पूजा झाल्यावर ते उठले. एकेक डबा उचलून, मधे भिंतीला टेकून दम खात, एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये आणि एक स्वयंपाकघरात देवघराशेजारच्या फळीवर, असे तिन्ही लावून आले. हिरवे दिवे लागले. "झालं बघ," म्हणून कॉटवर टेकले.

*

ह्यांचं हृदय दोन वर्षांपूर्वी थकलं. रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी झाली की फुप्फुसांत पाणी साचतं, आणि पाणी साचायला लागलं की माणसाला कळायच्या आधी त्याच्या श्वासाला कळतं. झोपेतला श्वास भरभर होऊ लागतो. तो वेळेवर ओळखला तर पाणी काढणाऱ्या गोळीनं भागतं. नाही ओळखला तर धावपळ.

दवाखान्यांत खाटा पुरत नाहीत, म्हणून आता निम्मे रुग्ण घरीच ठेवतात. आमच्या कऱ्हाडात असली शंभर तरी घरं असतील. डॉक्टर मुजावरांनी आमच्याकडेही जाळं बसवून घेतलं. अंगाला काही लावायचं नाही, कॅमेरा नाही. नुसते राउटर. जाळं बसवायला आलेल्या मुलानं मला समजावलं होतं, ते मला आवडलं होतं. राउटरच्या लहरी घरभर भरलेल्या असतात, हौदात पाणी भरावं तशा. माणूस हलला की त्या हलतात. अगदी निपचित निजला तरी त्याची छाती वरखाली होते, आणि तेवढ्यानंही त्या लहरींवर बारीक तरंग उठतो. एका राउटरकडून दुसऱ्याकडे जाताना लहर किती बदलली यावरून यंत्र तो तरंग ओळखतं आणि श्वासाची रेघ काढतं. म्हणजे आपण सगळे घरात एकमेकांच्या श्वासानं हलणाऱ्या पाण्यात बसलेलो असतो, फक्त दिसत नाही. मला वाटलं होतं, हे तर आमच्याकडे कीर्तनात सांगतात.

पहिल्या दिवशी मोबाइलवर दोन रेघा उमटल्या होत्या, कारण मीही त्याच खोलीत निजते. खाली लिहिलेलं: खोलीत दोन श्वास. रुग्णाचा कोणता? रेघेवर बोट ठेवा.

"वाकडी ती माझी," हे म्हणाले होते.

त्या रेघेवरून रोज सकाळी गोळ्यांची यांत्रिक डबी आपली आपणच ठरवायची, आज किती द्यायचं. वर्षभर सगळं सुरळीत होतं. दसऱ्यापासून मात्र मोबाइल घणघणू लागला. ओळ एकच.

श्वास सापडत नाही. जाळे तपासा.

मी दचकून उठायची आणि ह्यांच्या नाकाशी बोट धरायची. बोटाला ऊब लागली की मग मोबाइल बंद करायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. श्वास सापडत नाही. असल्या शब्दांत माणसाला निरोप द्यायचा असतो का? लिहिणाऱ्याला काही घरदार असेल की नाही, असं मनात यायचं.

*

आमची गार्गी सिंगापूरला असते, जहाजांच्या कंपनीत नेटवर्कचं काम बघते. तिला फोन केला.

"आई, आधी घाबरू नकोस. बाबा ठीक आहेत ना? मग जाळंच बिघडलंय. मेन स्विचवरून तिन्ही बंद करून चालू कर."

केलं. रात्री पुन्हा तेच.

"शेजाऱ्यांचं आणि आपलं वायफाय एकाच वाटेनं जात असेल. मी इथून वाट बदलून देते."

बदलली. पुन्हा तेच.

"धातूनं लहरी परततात. बेडरूममध्ये धातूचं काय नवीन ठेवलंयस का?"

दसऱ्याला घासलेला तांब्याचा हंडा कपाटावर ठेवला होता. तो मी लगेच उचलून मागच्या अंगणात नेला, आणि आता सापडेल श्वास, आता सापडेल, असं म्हणत वाट बघत राहिले. पुन्हा तेच.

"हंडा हलवलास ना, त्याच दिवशी कॉट पण भिंतीपासून लांब केलीस? आई! एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. आता सगळं जसंच्या तसं ठेव. कोजागिरी झाली की निवांत बसू आणि एकेक राउटर बंद करून बघू. बंद केल्यावर कोण ओरडतं ते बघायचं."

"ओरडायला ती काय लहान मुलं आहेत?"

"त्याहून वाईट. मुलं खोटं बोलताना सापडतात तरी."

पण एकेक बंद करून बघायची वेळ आलीच नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटेपासून मी कार्तिकस्नानाचा नेम धरते. उजाडायच्या आत अंघोळ, सोवळं, आणि मग देवासमोर बसून जप. यंदा संकल्प सोडताना मी प्रथमच काही मागितलं. इतकी वर्षं व्रतं केली, पण मागायला जीभ कधी रेटली नाही. त्या पहाटे रेटली. ह्यांच्या श्वासाला बळ दे, म्हटलं. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत नेमात खंड पडू देणार नाही.

मला माझ्या गुरुमाउलींनी शिकवलंय तसं, एका श्वासाला एक नाम आणि एका नामाला एक मणी. श्वास आपोआप लांब होतो, शांत होतो. माळ संपली तेव्हा उजाडलं होतं. सोवळ्यात मी मोबाइलला हात लावत नाही. हे हॉलमधून ओरडले तेव्हा माझ्या हातातली पळी पडली.

"वृंदा! अगं सापडला!"

पहाटेच्या तासात श्वास सापडला होता. लांब, संथ, एकसारखा. वर्षभरात नव्हता इतका चांगला.

*

रात्रीचा निरोप येतच राहिला, पण पहाटेची रेघ रोज सुंदर येऊ लागली. डॉक्टर मुजावर म्हणाले, पहाटेचा एक तास स्वच्छ मिळाला तरी आमच्या यंत्राला पुरतो, उलट तोच खरा विश्रांतीचा. गार्गीला मी विचारलं, आता बसायचं का एकेक बंद करायला? तिच्याआधी हेच म्हणाले, "अजिबात नाही. चांगलं चाललंय ना? आता त्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही."

"बाबा, हे तुम्ही बोलताय?" गार्गी हसली. "कारखान्यात बंद पडलेलं मशीन आपोआप सुरू झालं तर तुम्ही म्हणायचात, आधी थांबवा आणि कारण शोधा."

"तेव्हा मशीन कारखान्याचं होतं. आता माझं आहे."

धनत्रयोदशीच्या सुमाराला डबीतून पाण्याची पिवळी गोळी अर्धीच आली. मूत्रपिंडांना तेवढाच आराम, डॉक्टर म्हणाले. रेघ अशीच राहिली तर दिवाळी उलटल्यावरच्या सोमवारपासून पूर्ण बंद.

त्या दिवशी मी देवासमोर साखर ठेवून वळले, तर हे स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे. म्हणाले, "मी तारखा जुळवून बघितल्या. तू बसायला लागलीस त्याच पहाटेपासून सुधारलं. आधीचा एक दिवस नाही, नंतरचा नाही." आणि मग, जणू कुणी बघेल म्हणून घाईघाईनं, त्यांनी हात जोडले.

इतक्या वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा पाहिलं. मला रडू यायला हवं होतं, पण कुणास ठाऊक का, मी साखरेची वाटी उगाच सरळ करत राहिले.

शेजारच्या घोरपडे वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, तर हे त्यांनाच आलेख दाखवायला लागले.

"वहिनी, बघा, विज्ञानानं सिद्ध झालेलं व्रत. आजवर कुणाकडे होतं का असं?"

"अहो, मग मला पाठवा ना तो," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना दाखवते. म्हणावं, बघा, बायकांच्या उपासाला काही किंमत असते."

दोघं हसले. मीही हसले. मनातून मी फुलले होते, हे नाकारून काय उपयोग? माझं मागणं ऐकलं गेलं, आणि ते ऐकलं गेल्याचा कागदोपत्री पुरावा रोज सकाळी येत होता.

फक्त डोळ्यांना वेगळं दिसत होतं.

ह्यांना उशाला एक उशी लागायची, तिथे दोन लागू लागल्या, मग तिसरी मागितली. अंघोळीहून आले की पलंगाच्या कडेला बसून राहायचे, पंचा खांद्यावर तसाच. संध्याकाळी मोजे काढले की पोटरीवर खोल वळ. मी घोट्यावर बोट दाबलं आणि काढलं. खळगा तसाच राहिला, कणकेत राहावा तसा.

"पाय सुजलेत हो."

"दिवसभर लोंबकळत बसलो तर सुजणारच. पाय काय बघतेस, आलेख बघ."

"वजनही वाढलंय."

"चकल्या कुणी केल्या?"

मी त्यांच्या नकळत दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलली. "काकू, काकांची पहाटेची नोंद तर आमच्या यादीत सगळ्यात छान आहे. असा श्वास तरुण माणसाचाही नसतो. सणाचं खारट खाणं झालं की थोडी सूज येते. सोमवारी डॉक्टर बघतीलच."

फोन ठेवला. असा श्वास तरुण माणसाचाही नसतो. मग माझ्या शेजारी तीन उशांवर टेकून जो चालतो तो कुणाचा?

पण ती यादी बघणारी माणसं शिकलेली, हे शिकलेले, यंत्र तर सगळ्यांहून शिकलेलं. आणि शंका घ्यायची तरी कशावर? डब्यांवर घेतली की ती माझ्या मागण्यावरही जात होती. देवानं दिलेलं उलटून बघू नये असं वाटायचं. जप करताना मन ठरेना. मणी पुढे जायचा आणि नाम मागे राहायचं.

*

शुक्रवारी पहाटे धूप जरा जास्त पडला. धूर घशात गेला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पाणी प्यायले, पुन्हा बसले.

सकाळी चहा घेताना हे मोबाइल बघत होते. "हे काय? पहाटे खोकल्याची उबळ, म्हणतंय. मी तर खोकलो नाही."

"झोपेत खोकला असाल."

"छे. तुझ्या खोकण्यानं जाग आली, तेव्हापासून टक्क जागा आहे." त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "एवढंतेवढं चुकतं यंत्र."

मी कपबशा उचलल्या आणि मोरीशी जाऊन नळ सोडून उभी राहिले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं गार्गी म्हणाली होती. आश्विनात आमच्या घरी दोन बदलल्या होत्या. डबे काढून पुन्हा लावले होते. आणि मी पहाटे बसू लागले होते, देवघरासमोर, त्या फळीवरच्या डब्याच्या हाताभर अंतरावर, लांब, संथ, एकसारखा श्वास घेत.

गार्गीचा फोन लागेना. ती जहाजावर होती, रविवारपर्यंत किनारा नव्हता. दवाखान्यात सांगितलं तर ते पुन्हा रेघच बघणार. डब्यांना हात लावायची ह्यांची बंदी होती, आणि मी त्यांच्यामागे हात लावला असता तरी त्यातलं मला काय कळणार होतं? बदलून बघण्यासारखी एकच गोष्ट माझ्या हातात होती. मी पहाटे देवासमोर बसायचं नाही.

श्वास रोखून बघावा, असंही मनात आलं. पण यंत्र त्या तासाची सरासरी काढतं, क्षणभर रोखून काय दिसणार? शिवाय देवासमोर बसून जपाच्या नावाखाली यंत्राची परीक्षा घ्यायची, ते मला जमेना. त्यापेक्षा न बसणं खरं.

त्रिपुरी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. शनिवारभर मी कामं करत होते आणि मनात देवाशी बोलत होते. संकल्प तुझ्यापुढे सोडला, मागणं तुझ्याकडे मागितलं, आता मीच तो मोडू? आणि मोडला आणि खरोखरच ह्यांचं बिघडलं तर? माझ्या हातानं? त्या विचाराशी आले की मी थांबायची आणि पोळी करपायची.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "उद्या मी बसणार नाही जपाला."

ते एकदम ताठ झाले. "का?"

"मला वाटतं, ती रेघ माझी आहे."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. केमिस्ट माणूस. खोकल्याचं आठवलं असेल. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेलं मला दिसलं, आणि मग ते चिडले. माझ्यावर ते सहसा चिडत नाहीत.

"आयुष्यभर तू विश्वास ठेवलास, मी नाही ठेवला. आता मी ठेवलाय तर तू काढून घेतेस? सोमवारी गोळी बंद होतेय वृंदा. मी बरा होतोय. एक आठवडा राहिलाय तुझ्या पौर्णिमेला. बस ना आठ दिवस. काय जातं तुझं?"

बोलता बोलता त्यांना धाप लागली. एका वाक्यात दोनदा थांबावं लागलं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हे ऐका," म्हटलं. "तुमचंच ऐका."

*

रविवारी पहाटे मी अंघोळ केली. देवासमोर दिवा लावला, उभ्यानंच नमस्कार केला आणि माळ घेऊन बेडरूममध्ये आले. आसन रिकामं ठेवून पाठ फिरवली होती. नेमात खंड पडत होता आणि तो मीच पाडत होते.

ह्यांच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले. मोबाइल मांडीवर ठेवला. ते तीन उशांना टेकून डोळे मिटून होते. मी त्यांच्या छातीवर तळवा ठेवला. दुसऱ्या हातात माळ. त्यांचा एक श्वास, एक मणी.

मणी पळत होते. माझ्या जपात मणी कधी असे पळाले नाहीत. श्वास वर यायचा आणि पुरता खाली जायच्या आत पुढचा यायचा, जिना चढणाऱ्या माणसासारखा. आत कुठेतरी बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. मला वाटलं, देवा, माझी शंका खोटी ठरू दे. मोबाइलवर ती सुंदर रेघ येऊ दे, आणि माझ्या नेमभंगाचं जे काही पाप असेल ते माझ्या माथी मारून मला मोकळं कर.

उजाडू लागलं तेव्हा मांडीवरचा मोबाइल घणघणला.

श्वास सापडत नाही.

माझ्या तळव्याखाली तो होता. गरम, उथळ, धावणारा. यंत्राला सापडत नव्हता, कारण आज देवघरात कुणी नव्हतं.

ह्यांनी डोळे उघडले. जागेच होते ते. माझ्याकडे, मोबाइलकडे आणि छातीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं.

"ॲम्ब्युलन्स बोलाव," म्हणाले.

*

गार्गीचा फोन दवाखान्यात आला तेव्हा ह्यांना ऑक्सिजन लावून झाला होता आणि शिरेतून औषध चाललं होतं. मी सगळं सांगितलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "घरी गेलीस की बेडरूमच्या राउटरचं बटण बंद कर, मी इथून बघते."

दुपारी कपडे आणायला घरी गेले तेव्हा केलं.

"आई, बेडरूमचं बंद कर म्हटलं मी. तू देवघरातलं केलंस."

"मी बेडरूममध्येच उभी आहे ग."

"मग डबे अदलाबदल झालेत," ती म्हणाली. "यंत्र बाबांचा श्वास नाही ओळखत आई, ते जागा ओळखतं. बेडरूमच्या डब्याजवळ जो स्वस्थ बसेल तो त्याच्या लेखी रुग्ण. तो डबा देवघरात गेला आणि रात्रभर त्याला कुणी सापडेना. पहाटे तू सापडलीस. मी एकेक बंद करून बघायला हवं होतं. मी बघायलाच हवं होतं."

"तूच मला सांगितलंस ना, एका वेळी एकच बदल म्हणून? त्याच्यावरच तर निभावलं."

डॉक्टर मुजावर संध्याकाळी आले. त्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघितलं. "तुम्ही सुजेबद्दल फोन केला होता, वहिनी. आम्ही रेघ बघितली, पाय बघितला नाही." आणखी दोन दिवस गेले असते तर, असं काहीतरी म्हणायला लागले आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या तोंडावरचा मास्क काढला. अंगातलं बरंच पाणी उतरलं होतं, चेहऱ्याला हाडं परत आली होती. मी मोसंबी सोलत होते.

"म्हणजे तीन आठवडे मी तुझ्या श्वासावर जगलो," ते म्हणाले.

"जगला नाहीत. मरायला टेकला होतात."

"तेच ते." एक फोड घेत म्हणाले, "आता मी परत नास्तिक झालो, हे कळलं असेलच तुला."

"कळलं."

"राग नाही ना?"

"आडनावात आहे तेवढा पुरे," मी म्हटलं. ते हसले. हसताना धाप लागली नाही. माझ्या हातातली फोड तशीच राहिली आणि मी बघत बसले.

नंतर त्यांनी विचारलं, "तुझ्या संकल्पाचं काय पण? मोडलास ना?"

याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. मी मागितलं होतं, ह्यांच्या श्वासाला बळ दे. ते मिळालं की नाही, आणि कुणी दिलं, याचा आलेख आता माझ्याकडे नाही. नसलेलाच बरा. तो होता तेव्हा मी देवाकडे बघायचं सोडून मोबाइलकडे बघायला लागले होते.

*

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ह्यांना घरी आणलं. मी डबे आपापल्या जागी लावले, ह्या वेळी ह्यांनी कॉटवरून नुसतं बोट दाखवलं. गार्गीनं दुरून जाळं पुसून नव्यानं मांडलं आणि म्हणाली, पहाटे ते एकदा विचारेल, सांगून टाक.

पौर्णिमेच्या पहाटे अंघोळ करून देवाला नमस्कार केला आणि माळ घेऊन खुर्ची कॉटशेजारी ओढली. नेम मोडला होता, बसणं मोडलं नव्हतं. ह्यांना दोन उशांवर गाढ झोप लागली होती. मी जप सुरू केला. थोड्या वेळानं मांडीवर मोबाइल हलकेच उजळला. आज सोवळ्यातच मी तो हाती घेतला.

खोलीत दोन श्वास. रुग्णाचा कोणता? रेघेवर बोट ठेवा.

वरची रेघ लांब, संथ, एकसारखी. किती ओळखीची होती ती! तीन आठवडे आम्ही तिच्याकडे बघून पेढे वाटले होते. खालची आखूड, कुठे अडखळणारी, कुठे घाई करणारी, मधेच दमून सपाट होणारी. कुणाला दाखवावी अशी नव्हती.

बोट उचललं तेव्हा माझा श्वास चुकला आणि वरची रेघही थोडी थरथरली.

मी खालच्या रेघेवर बोट ठेवलं.